पिवळी टोपी

उन्हाळी पोहण्याच्या स्पर्धांचं वेळापत्रक करणारा माणूस एकदा माझ्या तावडीत सापडायला हवा. माझ्या भावाच्या दोन्ही मुलांच्या शर्यती एकाच वेळी, आणि त्याही शहराच्या दोन टोकांच्या तलावांवर! वहिनी धाकट्याबरोबर गेली. थोरली मैत्रिणीकडून परस्पर येणार होती. तिच्यासाठी मी, तिची आत्या, टॉवेल घेऊन हजर.

पाण्यात सगळी पोरं सारखीच दिसतात. भाचीची टोपी पिवळी, एवढं मला ठाऊक होतं. पिवळी टोपी दिसताच मी घसा बसेपर्यंत ओरडले, "मार हात! मार!" ती शेवटून दुसरी आली.

तेवढ्यात वहिनीचा फोन. "अहो वन्सं, थोरलीची शर्यत दुपारवर ढकललीय. ती अजून मैत्रिणीकडेच आहे."

मी तणतणत निघाले, तोच पिवळ्या टोपीतली ती अनोळखी मुलगी कुडकुडत समोर आली.

"आईबाबा दादाच्या शर्यतीला गेलेत, दुसऱ्या तलावावर," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठीच ओरडत होता ना?"

मी फटकळ बाई. खरं काय ते तोंडावर सांगून मोकळी होते.

"मग काय भिंतीसाठी?" म्हटलं, आणि भाचीचा कोरडा टॉवेल तिच्याभोवती गुंडाळला.