झुंबरबाईंचा फ्लेक्स

अमोलशेठ गुटखा खातो, त्याच बोटांनी मशीन हाताळतो आणि प्रिंट बिघडली की गिऱ्हाइकाच्या फोटोला नावं ठेवतो. नाशिक रोडच्या त्याच्या फ्लेक्सच्या दुकानात मी मशीन चालवायचे, त्यामुळे हे रोज बघावं लागायचं. सॉल्व्हंटच्या वासाची सवय झाली, या माणसाची झाली नाही. किळस यायची.

त्या दिवशी भाऊंचा वाढदिवस तोंडावर आलेला. कुठले भाऊ ते विचारू नका, गल्लीला एक आहेत. त्यांच्या फ्लेक्सच्या गर्दीत सुरगाण्याकडचा दत्तू आला. सातपूरला कंपनीत कामाला. उद्या गावी आईचं दिवसकार्य होतं. मोबाईलमधल्या फोटोत त्याची आई, झुंबरबाई, ओट्यावर बसलेल्या, उन्हाने डोळे बारीक केलेले.

"ताई, तोंड तेवढं नीट येऊ द्या. आईचा दुसरा फोटो नाय."

प्रिंट काढली. वरून खालपर्यंत एक पांढरट उभी रेघ, नेमकी गालावरून.

"फोटोच बोगस आहे," तोंडातला तोबरा सांभाळत शेठ म्हणाला. "मोबाईलचे फोटो असेच येतात."

दत्तू ओशाळला. चूक आपल्या आईचीच असावी तशी त्याने मान खाली घातली, आणि माझं डोकं फिरलं. सकाळी छापलेल्या भाऊंच्या फ्लेक्सवरही हीच रेघ होती, याच जागी. तिथे ती शुभेच्छुकांच्या मुंडक्यांवरून गेली, म्हणून कुणाला दिसली नाही. म्हणजे फोटो निर्दोष. टेस्ट प्रिंट काढून बघितली, सगळे रंग सलग. म्हणजे शाई सोडणारं हेडही चोंदलेलं नाही. रेघ जागा सोडत नाही, तर घाणही एकाच जागी बसलेली असणार. मशीन बंद करून झाकण उघडलं. हेड सरकताना ज्या पारदर्शक पट्टीवरून आपली जागा वाचतं, तिच्यावर बोटाचा तपकिरी ठसा होता, सुपारीच्या कणासकट. हेड हाताने ढकलायची शेठला खोड आहे. मऊ फडक्याला स्पिरिट लावलं आणि शेठची थुंकी पुसत बसले.

"शेठ, सापडलं. सोडा प्रिंट."

"मी पण फाईल साफ केलीय," तो कॉम्प्युटरसमोरून म्हणाला.

मशीन सुरू झालं. मी डोळ्यात तेल घालून गालाची जागा बघत होते. रेघ नव्हती. फ्लेक्स कापून दत्तूपुढे धरला. तो बघतच राहिला.

"ताई, ही कोण हाय?"

तेव्हा कुठे मी चेहरा बघितला. गोरीपान, गुळगुळीत बाई. सुरकुत्या गेल्या होत्या. हनुवटीवरचे ठिपके, कपाळावरच्या गोंदणाची रेघ, सगळं शेठने सरसकट पुसून टाकलं होतं.

"चांगली दिसतेय की!" शेठ लाल दात दाखवत हसला. "जन्मात कधी एवढी गोरी होती का? फुकटात केलंय."

"आई अशी नव्हती. पहिलाच फोटो छापा, शेठ."

"आता मशीनवर भाऊ आहेत. उद्या ये."

"उद्या तर कार्य हाय. गाडी गेली म्हंजे काय करू?"

शेठने तोंडात नवी पुडी रिकामी केली. दत्तू त्या परक्या बाईची घडी घालू लागला. भाऊ गॉगलपर्यंत छापून झाले होते. मी मशीन थांबवायचं लाल बटण दाबलं.

"वेड लागलं का तुला? उद्यापासून येऊ नकोस!"

"नाहीच येणार. दत्तूदादा, फोटो परत पाठवा."

शेठ तरातरा मशीनकडे आला. मी म्हटलं, "हात लावायचा नाही." माझ्या आवाजाने मीच दचकले. तो थांबला, नुसता शिव्या देत राहिला.

हेड सरकू लागलं. आधी डोक्यावरचा पदर आला, मग कपाळ, कपाळावरची हिरवट रेघ, उन्हाने बारीक झालेले डोळे. दत्तू मशीनवर वाकला होता.

"आली," तो म्हणाला.