बाय-टू दुरुस्ती

योगीराज मोहित्यांना खुर्ची हवी होती. नुसती हवी नव्हती, मनातल्या मनात ते तिच्यावर बसून चार जणांना झापूनही आले होते. शहराबाहेर डाबसपेटला कंपनीचा नवा कारखाना उभा राहत होता आणि त्याचा प्रमुख कोण, हे आयुधपूजेच्या आधी ठरायचं होतं. मल्लेश्वरमच्या नातेवाइकांत मात्र ते केव्हाच ठरलं होतं. "अजून कुणाला बोलू नकोस," असं त्यांनी बायकोला, सौम्याला, बजावलं होतं. बातमी सगळीकडे पोचवायची याहून स्वस्त व्यवस्था नाही.

तूर्त ते राजाजीनगरच्या जुन्या कारखान्यात देखभाल विभाग सांभाळत. तिथे औषधाच्या बाटल्यांची झाकणं निघत. मशिनं जुनी, तेल गाळणारी, मनात येईल तेव्हा बसकण मारणारी. वडिलांकडून कंपनीचा कारभार घेतलेल्या धनलक्ष्मी मॅडमनी प्रत्येक मशीनपाशी दोन बटणं बसवून घेतली. मशीन थांबलं की ऑपरेटरने लाल दाबायचं. दुरुस्त होऊन सुरू झालं की मेकॅनिकने हिरवं. एका दुरुस्तीला सरासरी किती वेळ लागतो, ते दारातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसायचं. पडदा सांगत होता, तासभर.

"तुमचा हा आकडा आणि प्रणिताचं उत्पादन, दोन्ही मी बघणार आहे," मॅडम म्हणाल्या. "डाबसपेटला तुमच्यापैकीच कुणीतरी जाईल."

प्रणिता म्हणजे निपाणीहून आलेली उत्पादन प्रमुख. वयाने लहान आणि तोंडाने मोठी, असं योगीराजांचं तिच्याविषयीचं मत होतं. तिचं त्यांच्याविषयी काय मत होतं, ते ती त्यांनाच सांगत असे.

योगीराजांनी आधी सरळ मार्गाने खटपट केली, हे त्यांच्या जमेला धरायला हवं. ती जेमतेम आठवडाभर टिकली, हे खर्चाला. हत्यारं शोधण्यात वेळ जातो म्हणून त्यांनी भिंतीवर फळी ठोकून प्रत्येक पान्याची आकृती रंगवून घेतली. आकृत्या राहिल्या, पाने गेले. लागणारे सुटे भाग मशीनजवळ ठेवायचे ठरलं, तर ते देताना भांडारवाल्याचा जीव असा काही तुटे की जणू लेक सासरी निघाली आहे. पडद्यावरचा आकडा थोडा हलला आणि दमून बसला.

मग एका दुपारी ते कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, हंबीररावांबरोबर उभे होते. हंबीरराव म्हणजे त्यांच्या हाताखालचे सगळ्यांत जुने मेकॅनिक. शिव्या देत देत का होईना, पण मशीन उठवणारा माणूस तोच. दोघांनी इथल्या रीतीप्रमाणे बाय-टू मागवली होती. म्हणजे कॉफी एकच, पेले दोन. योगीराज पेल्यांकडे टक लावून बघत राहिले.

"अण्णा, कॉफी किती?" त्यांनी हंबीररावांना विचारलं.

"एकच की."

"आणि पेल्यात किती?"

"अर्धी. सर, ऊन लागलं काय तुम्हाला? स्वल्प ताक घ्या."

"मशीन तासभर बंद असलं, तर मधेच दोन मिनिटं चालवायचं. चार झाकणं पडली की हिरवं बटण. मग पुन्हा लाल. तासाची एक दुरुस्ती कशाला? अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन!"

हंबीररावांनी कॉफी संपवली. "दोनच का, सर? सहा करूया की. बटणाला काय, पोटात थोडंच दुखतं?"

एवढी तत्परता त्यांनी आयुष्यात कुठल्या दुरुस्तीत दाखवली नव्हती.

त्या आठवड्यापासून कारखान्यात नवं शास्त्र सुरू झालं. गळकं मशीन फडक्याने बांधायचं, चार झाकणं पाडायची, हिरवं दाबायचं. फडकं सुटलं की लाल दाबायचं. मेकॅनिक मंडळी आपसांत त्याला 'बाय-टू' म्हणू लागली. पूर्वी तासात होणारं काम या नाचात दीड तास खाऊ लागलं. पण पडदा सांगत होता, दुरुस्तीला सरासरी दहा मिनिटं. मॅडमनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. योगीराजांनी मान अशी झुकवली, की कुणालाही सहज हार घालता यावा.

प्रणिता सरळ त्यांच्या टेबलापाशी आली.

"काय ओ मोहिते, मशीन सकाळपासून बंद, आणि तुमची दुरुस्ती दहा मिनिटांची? कुठल्या गावची दहा मिनिटं ही?"

"सकाळपासून बंद नाही. सकाळपासून अनेकदा बंद पडलंय. फरक आहे."

"आधी एवढ्यांदा पडत नव्हतं."

"तुझ्या ऑपरेटरांना विचार. कशी वापरतात देव जाणे. आमची मुलं दर वेळी धावून उठवतात, म्हणून चाललंय."

प्रणिताने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "उठवतात की हो. आणि लगेच परत झोपवतात." पण बटणं कोण कशी दाबतो, याचा पुरावा तिच्याकडे नव्हता. ती गेली आणि रविवारचीही पाळी लावून राहिलेली झाकणं काढत बसली.

योगीराज स्वतःवर फार खूश झाले. वेळ आपल्या खात्यातून गेला आणि खोळंबे तिच्या खात्यात पडले, असा दुहेरी नफा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. मॅडमच्या प्रत्येक बैठकीत ते सांगू लागले, "मशिनं दिवसाला शंभरदा थांबतात मॅडम, आम्ही आहोत म्हणून!"

निकालाच्या दिवशी ते नवा शर्ट घालून केबिनमध्ये गेले. प्रणिता आधीच बसली होती.

"दोघांचेही आकडे मी बघितले," मॅडम म्हणाल्या. "मशिनं इतक्यांदा थांबत असूनही प्रणिताने एकही ऑर्डर चुकवली नाही. असल्या मशिनांवर ही एवढं काढते, तर नव्यांवर काय करील! डाबसपेटला ती जाईल."

योगीराजांच्या चेहऱ्यावर हसू तसंच चिकटून राहिलं, कारण ते काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"आणि तुम्हाला इथून हलवणं मला परवडणार नाही. तुम्हीच सांगता ना? तुम्ही नसाल तर हा कारखाना एक दिवस चालायचा नाही."

'इतक्यांदा थांबत नाहीत हो!' हे वाक्य त्यांच्या जिभेच्या टोकापर्यंत आलं. पण थांबणं कमी म्हटलं, की लगेच दुरुस्ती लांब होत होती. दहा मिनिटांचा मान ठेवायचा, तर शंभर खोळंबेही पदरात घ्यायला हवे होते. त्यांनी वाक्य गिळलं.

"मॅडम, एक मागणं होतं," प्रणिता म्हणाली. "तिकडे हाताशी एक जाणता मेकॅनिक लागेल. हंबीरराव दिले तर?"

"घेऊन जा की," मॅडम योगीराजांकडे वळल्या. "इथे तर दहा-दहा मिनिटांची कामं. कुणीही करील. तुमची काही अडचण नाही ना?"

तेव्हाही खाली तीन मशिनं फडक्यांत बांधून उभी होती, आणि त्यातलं एकही हंबीररावांवाचून उठणारं नव्हतं. हे त्या खोलीत योगीराजांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रणिता मात्र उत्तराची वाट बघत, अगदी लक्ष देऊन, त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"सरी, मॅडम. ठीक आहे," योगीराज म्हणाले. "काही अडचण नाही."