मावशी, आता तुम्हाला सुट्टी

लॉन्ड्रीत एकोणीस वर्षं मी चादरींच्या सुरकुत्या काढल्या. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांच्या चादरी. गरम रोलरमध्ये मी एका बाजूने घालायच्या आणि पलीकडच्या बाईने ओढून घ्यायच्या. आमचा सुपरवायझर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. कुणाला तोंडावर वाईट सांगणं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून बोलणं सगळं गुळमुळीत. पाठीमागे आम्ही त्याला गुळमुळीतसाहेबच म्हणायचो.

एका शुक्रवारी तो माझ्या रोलरपाशी आला. उगाच एका चादरीचं टोक हातात धरून म्हणाला, "मावशी, आता तुम्हाला सुट्टी."

मला वाटलं, अर्ज मंजूर झाला. लेकीच्या बाळंतपणासाठी मी रजा साठवत होते. अंगात ताप असताना कामावर आले, नणंदेच्या मुलाचं लग्न रविवारी होतं म्हणून तेवढं गाठलं. सव्वीस दिवस जमले होते, रविवार धरले की महिना, आणि अर्ज त्याच्या टेबलावर कधीचा पडून होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उद्यापासूनच."

"आणि परत कधी येऊ?"

त्याने चादरीचं टोक सोडलं. "आधी लेकीकडे तर जाऊन या."

एवढ्यावरही जिला कळत नाही, तिला काय म्हणायचं? मी गेले. नात झाली. लेकीला दोन घटका झोप मिळावी म्हणून मी नातीला मांडीवर घेऊन बसायचे आणि मनात म्हणायचे, माणूस गुळमुळीत असला तरी वेळेला धावून आला.

महिन्याने सकाळी सातला कामावर हजर झाले, तर माझ्या रोलरवर दुसरी बाई. ऑफिसात मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला महिन्याची नोटीस दिली होती. ती तुमच्या रजेतच संपली. आता कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही."

मला राग यायला हवा होता. नाही आला. रडूही नाही आलं. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, "काढलं मला," आणि भाजी चिरायला घेतली. तो दोन दिवस माझ्याकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "रडत नाहीस तर निदान भांड तरी," आणि मला कामगार कार्यालयात घेऊन गेला.

तिथल्या अधिकारी बाईंनी लॉन्ड्रीत फोन करून विचारलं आणि मग त्या समजुतीने बोलल्या. "रजा तुमची कमाई आहे. नोटीस देणं ही त्यांची जबाबदारी. एकीत दुसरी बसवता येत नाही, दोन्हींचे पैसे वेगवेगळे मिळतात. पण ते म्हणतात, नोटीस तोंडी दिली, बाईंना ती कळली, रजा त्यांनी आपणहून नोटिशीत घेतली आणि खुशीने गेल्या."

खुशीने गेले हे तर खरंच होतं.

पुढच्या आठवड्यात सुपरवायझरला बोलावलं. तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला. बाईंनी विचारलं, "नोकरी संपली, असं यांना सांगितलंत का?"

"म्हणजे तसं... सुट्टी म्हणालो. त्यांना वाईट वाटू नये म्हणून."

बाई माझ्याकडे वळल्या. "त्यावर तुम्ही काय म्हणालात?"

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नोकरी गेल्याची लाज वाटली नव्हती, याची वाटत होती.

"मी म्हणाले, साहेब, तुमचे उपकार मी विसरणार नाही."

बाईंनी त्याला विचारलं, "खरं आहे?"

"हो."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणालो, उपकार कसले मावशी, तुमचा हक्कच आहे."

बाईंनी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली. "नोटीस कळलेलं माणूस असं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं काम झालं, नोटिशीचे पैसे वेगळे मिळतील तुम्हाला." मग कागद माझ्यापुढे सरकवला आणि माझ्या वाक्याखाली मला सही करायला सांगितली.