पऱ्हाटीची राख

माझी धाकटी रुबीना आर्णीला नांदायला गेली ते २०१७ साल. त्याच उन्हाळ्यात यवतमाळच्या आमच्या फौंड्रीत चाचणीसाठी लेझरचं यंत्र आलं.

कापसाच्या जिनिंग यंत्रांच्या पुल्या आम्ही ओतायचो. लोखंड तयार झालं का, हे मी सांगायचो. पाचरीएवढा तुकडा ओतून निववायचा, घणाने फोडायचा. आत राखाडी दिसलं तर ठीक, पांढरं दिसलं तर सिलिकॉन कमी, पुली तडकणार. भट्टीतलं लोखंड निवू नये म्हणून मी त्यावर पऱ्हाटीची, कपाशीच्या वाळल्या झाडांची, राख पसरायचो. ती सवय माझ्या एकट्याचीच.

यंत्र वरून वितळलेल्या लोखंडावर किरण मारायचं आणि त्यात काय किती आहे, ते लगेच दाखवायचं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. आकडे वाचायचा माझ्या हाताखालचा देवसिंग.

"चाचा, सिलिकॉन लय दाखवते. त्याचे खडे आणखी नोका टाकू."

मी तुकडा फोडला. आत पांढरं.

"नीट वाच बे."

"जे हाय तेच वाचून राह्यलो. या डब्ब्याले तुमची वळख नाही, मी काय करू?"

बाकीचे हसले. याला माझी जागा पाहिजे, हे मी तेव्हाच मनात धरलं. मग तो यंत्राजवळ वाकला तरी मी त्याच्या ओठांकडे बघायचो. चार दिवस तेच. पाचव्या दिवशी पांढरे तुकडे मालकाच्या टेबलावर ठेवले.

"हा खोटं वाचते. माल बिघडवून मले घरी बसवाचा डाव हाय याचा."

वीस वर्षांत माझा तुकडा चुकला नव्हता. मालकाने देवसिंगला काढलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "काहून चाचा?"

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः आकडे वाचायला बसला. तेच निघालं, सिलिकॉन जास्त. त्याच्या पुढच्या दिवशी राखेचं पोतं संपलं होतं. उघड्या लोखंडावर किरण पडला आणि आकडा माझ्या तुकड्याशी जुळला. इतके दिवस यंत्र माझ्या राखेतलं सिलिकॉन मोजत होतं.

मालक म्हणाला, "सुधरलं वाटते यंत्र."

मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर देवसिंग परत आला असता आणि मी बाहेर गेलो असतो. मी पुन्हा राख टाकली नाही, बोललोही नाही. देवसिंग कळंबकडे कपाशीवर फवारणीच्या मजुरीला जातो, हे त्याच्या बायकोने, लालीबाईने, मला बाजारात सांगितलं. तेव्हाही नाही.

फवारताना औषध अंगात भिनून देवसिंग राठोड २७ सप्टेंबर २०१७ रोजी मेला.