टाळ्यांचा मुकादम चुकतो तेव्हा

आन्सेल्म ब्रिकार यांनी आयुष्यात तीन ऑपेरा लिहिले आणि तिन्ही वेळा टाळ्या दुसऱ्यालाच पडल्या.

पहिल्या वेळी उंटाला. राणी, तिचा प्रियकर, प्रियकराचा हट्टी बाप आणि दोन सैन्यं असा सगळा पसारा होता. पण थिएटरच्या मालकाने हौसेने खराखुरा उंट आणला, आणि त्या उंटाने दुसऱ्या अंकात राणीचा मुकुट चाटून खाली पाडला. पुढे सहा आठवडे अर्धं पॅरिस उंट बघायला येत होतं. उंट आजारी पडला आणि ऑपेरा बंद झाला. दुसऱ्या ऑपेराच्या पहिल्याच दिवशी शहरात दंगल उसळली. त्या दिवशी रंगमंचावर माणसं जास्त होती आणि खुर्च्यांत कमी; टाळ्या पडल्या त्या बाहेरच्या दंगेखोरांना. तिसऱ्यात नायकाला पडसं झालं होतं. तो बसलेल्या आवाजात शेवटपर्यंत गायला, आणि लोकांनी त्याच्या जिद्दीला उभं राहून दाद दिली. चालीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

बाकी मग तेच. तरुणपणी होतकरू संगीतकारांना मिळणारी रोमची शिष्यवृत्ती एका मताने हुकली होती, ती अजून जेवताना आठवायची. रविवारी बातिन्योलच्या चर्चमध्ये ऑर्गन, आठवडाभर व्यापाऱ्यांच्या मुलींना पियानो, आणि घरी बायको झेली. झेली दूर दक्षिणेची, गास्कनीची. आपल्याला संगीतातलं काही कळत नाही असं ती सगळ्यांना सांगायची. आन्सेल्ममधलं मात्र तिला पुष्कळ कळायचं.

एकोणसाठाव्या वर्षी त्यांचा चौथा ऑपेरा थिएटरने घेतला: ‘वादळाची विधवा’. उंट नाही, सैन्य नाही. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची एक कोळीण आणि बुडालेला नवरा, एवढंच. तिसऱ्या अंकात ती नवऱ्याचं फाटलेलं जाळं सांधत गाते. या एका गाण्याला आन्सेल्म यांना अकरा वर्षं लागली होती. त्यातली निम्मी त्यांनी खोडण्यात घालवली.

पहिल्या प्रयोगाला आठवडा उरला होता. दुपारी जेवताना ते चमचा खाली ठेवून म्हणाले, “झेली, मी पूशेला चिठ्ठी पाठवली. म्हटलं, आपल्या टाळ्या आपल्यापाशीच ठेवाव्यात.”

झेलीच्या हातातली डाव हातातच राहिली.

“अहो, शुद्धीवर आहात ना? पूशेशिवाय प्रयोग? याजकाशिवाय कुणी लग्न लावतं का?”

आता पॅरिसच्या थिएटरांत टाळ्या काही वाऱ्यावर सोडलेल्या नसतात. झुंबराच्या बरोबर खाली, मधल्या बाकांवर, पगारी टाळीवाले बसतात. त्यांत नुसते वाजवणारे असतात, हसणारे असतात, ‘पुन्हा! पुन्हा!’ ओरडणारे असतात, आणि हातरुमाल घेऊन रडणाऱ्या बायकाही असतात. त्या सगळ्यांचे मुकादम बार्नाबे पूशे. ते तालमीला येऊन बसत, संहितेवर लाल पेन्सिलीने खुणा करत, आणि प्रयोगात त्यांची टोपी डोक्यावरून निघाली की चाळीस जोडी हात एकदम कडाडत. टोपी पुन्हा डोक्यावर गेली की सगळं थांबे.

“पंचवीस वर्षं मी टाळ्या ऐकतोय,” आन्सेल्म म्हणाले. “त्यातली माझी कुठली आणि पूशेची कुठली, मला आजवर कळलेलं नाही. अगं, मला मरायच्या आधी एकदा कळू दे की मला येतं का नाही.”

“आणि नाही वाजल्या तर?”

“तर कळलं. मग मी पियानो विकेन, तुझ्या भावाकडे गास्कनीला जाईन आणि कोंबड्या पाळीन. पण तू मधे पडायचं नाहीस. शब्द दे.”

झेलीने शब्द दिला. तिच्या डोळ्यांसमोर आन्सेल्म कोंबड्यांना दाणे टाकताना उभे राहिले, आणि तिला प्रथम कोंबड्यांची दया आली. हा माणूस भाजीच्या फोडणीतसुद्धा सूर चुकला म्हणणारा. गाणं सुटलं की सहा महिन्यांत संपेल, आणि मरताना रोमची शिष्यवृत्तीच आठवत मरेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूशेंकडे गेली.

पूशेंचं दिवसा छत्र्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नव्हतं, ते गल्ल्यामागे बसून तळहातांना मलम चोळत होते.

“या, मादाम ब्रिकार,” ते उठले नाहीत. “मास्तर एखादा अपमान करायचा विसरलेत का? तेवढ्यासाठी पाठवलं का तुम्हाला?”

“मला कुणी पाठवलं नाही. मी आलेय हे त्यांना कळलं तर माझी धडगत नाही.”

“सव्वीस वर्षं!” पूशेंनी तळहात तिच्यापुढे धरले. “हे बघा. सव्वीस वर्षं या हातांनी मेलेले ऑपेरा उभे केलेत. त्या उंटाच्या वेळी मीच होतो. उंटाला टाळ्या आपोआप पडत होत्या, पण राणीला कुणी वाजवल्या? मी!”

“माहीत आहे हो. म्हणून तर आले.” झेलीने टोपलीतून बरणी काढली. “माहेरची हंसाची चरबी आहे. त्या तुमच्या दुकानी मलमापेक्षा बरी.”

पूशेंनी झाकण काढून वास घेतला, बोट बुडवून थोडी चोळून पाहिली आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

“म्हणजे यायचं, पण मास्तरांना कळू द्यायचं नाही.”

“हो. आणि जरा बेतानं. फार कडाडलात तर त्यांना संशय येईल.”

“बाईसाहेब,” पूशे दुखावल्या स्वरात म्हणाले, “खऱ्या टाळ्या कशा वाजतात हे पॅरिसमध्ये माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. खऱ्या टाळ्या एका कोपऱ्यातून सुरू होतात, अडखळतात, मग पसरतात. तशाच देतो. एक म्हातारा उशिरा वाजवेल, त्याला आत्ता कळलं असं वाटावं म्हणून. रडायला विधवा लेओकादी देतो. ती नाकाने रडते, एकदम अस्सल.”

“जाळ्याच्या गाण्यानंतर तरी नक्की हं. त्यांचा जीव आहे त्यात.”

“तिथे तर मी लाल पेन्सिलीने तीन रेघा मारणार,” पूशे म्हणाले. “तिथे छत खाली येईल.”

प्रयोगाच्या दिवशी आन्सेल्म आणि झेली रंगमंचाच्या बाजूला, रंगवलेल्या खडकामागे उभे होते. तिथून फटीतून मधले बाक दिसत. आन्सेल्म यांनी दिवसभर काही खाल्लं नव्हतं आणि गळपट्टा तीनदा उलटा बांधला होता.

पहिला अंक संपला. डाव्या कोपऱ्यात एक टाळी पडली, अडखळली, मग हळूहळू सगळीकडे पसरली. शेवटी एका म्हाताऱ्याने एकट्याने चार टाळ्या वाजवल्या.

आन्सेल्म यांनी झेलीचा दंड गच्च धरला. “ऐकलंस? त्या म्हाताऱ्याला उशिरा कळलं! अशी टाळी काय विकत मिळते?”

“छे,” झेली म्हणाली.

दुसऱ्या अंकात वादळ आलं आणि तिसऱ्या रांगेत एक जाडशी बाई नाक ओढत रडू लागली.

“ती बघ, ती बघ! किती मनापासून रडतेय. कोण असेल गं बिचारी?”

“असेल कुणीतरी,” झेली म्हणाली आणि खडकाचा रंग नखाने खरवडू लागली. नवरा असा लहान मुलासारखा हरखलेला तिने लग्नानंतर पाहिला नव्हता. खोटं बोलून सुख देता येतं, पण ते बघत उभं राहणं भारी जड जातं.

तिसरा अंक लागला. कोळिणीचं काम करणारी सिदोनीबाई जाळं मांडीवर घेऊन बसली. वाद्यवृंद गप्प झाला. एक बासरी आणि एक व्हायोलिन, बाकी काही नाही. तिने गायला सुरुवात केली. झेलीने हे गाणं अकरा वर्षं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं, तुकड्यातुकड्याने, कांदा चिरताना. अखंड असं आजच ऐकलं. कोळीण एकेक गाठ मारत होती आणि प्रत्येक गाठीला सूर एक पायरी खाली उतरत होता. शेवटची गाठ मारून तिने दात लावून दोरा तोडला, आणि गाणं तिथेच थांबलं.

झेलीने डोळे पुसून फटीतून पूशेंच्या टोपीकडे पाहिलं.

टोपी डोक्यावरच होती.

एक क्षण गेला. दुसरा गेला. सिदोनीबाई रिवाजाप्रमाणे टाळ्यांसाठी हात पसरून उभी राहिली होती. वाद्यवृंदाच्या म्होरक्याने छडी वर धरलेली, खाली आणावी की नाही त्याला कळेना. डाव्या कोपऱ्यातून काही नाही, उजव्यातून नाही. तो उशिरा कळणारा म्हाताराही नाही. अख्खं थिएटर असं गार पडलं होतं की गॅसच्या दिव्यांची फुरफुर ऐकू येत होती. शेवटी म्होरक्याने घाईघाईने पुढची चाल सुरू केली.

आन्सेल्म यांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि चालू लागले. झेली मागोमाग धावली. मागून वाद्यवृंदाचा आवाज येत होता, पण ऐकायला कोण थांबतं?

वाटेत ते एवढंच म्हणाले, “बरं झालं. कळलं.”

झेलीच्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. लोकांनी वाजवल्या नाहीत, हे एक झालं. पण पूशेच्या माणसांनीही वाजवल्या नाहीत! चाळीस पगारी माणसं, लाल पेन्सिलीच्या तीन रेघा, माहेरची बरणीभर चरबी, आणि तरी एकाचाही हात उठेना. इतकं वाईट असतं का कुठलं गाणं? हे आता नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

सकाळी आन्सेल्म यांनी मेव्हण्याला पत्र लिहायला घेतलं. “प्रिय ओगुस्त,” इथवर आले, आणि दारावर थाप पडली.

दारात पूशे. काळा कोट, काळा गळपट्टा, हातात टोपी. कुणाच्या मयताला निघाल्यासारखे.

“मास्तर,” ते म्हणाले, “मी क्षमा मागायला आलो.”

“तुम्ही? कशाबद्दल? तुम्ही तर नव्हतातच.”

पूशेंनी झेलीकडे पाहिलं. झेलीने जमिनीकडे पाहिलं.

“होते,” ती म्हणाली. “मी बोलावलं होतं. चाळीसच्या चाळीस. तो म्हातारा त्यांचा. ती रडणारीही त्यांचीच.”

“ती नाकाने रडणारी?” आन्सेल्म यांचा आवाज चिरकला. “ती तरी खरी असेल असं...” ते खुर्चीत बसले. “तू शब्द दिला होतास, झेली.”

“दिला होता. मोडला. तुम्हाला कोंबड्यांत बघवलं नसतं मला. आता काय बोलायचं ते बोला.”

आन्सेल्म काही बोलायच्या आत पूशेच पुढे झाले. “त्यांना नंतर बोला, मास्तर. आधी मला बोला. सव्वीस वर्षांत माझी टोपी एकदा चुकलेली नाही. ताप असताना नाही, बायको गेली त्या आठवड्यातही नाही. आणि काल...” त्यांनी टोपी गरागरा फिरवली. “त्या बाईने दोरा तोडला. मला माहीत होतं, इथे टोपी काढायची. तीन रेघा होत्या. आणि मी बसूनच राहिलो.”

“आवडलं नाही म्हणून?” आन्सेल्म यांनी हळूच विचारलं.

“आवडण्याचा प्रश्न कुठे येतो? आम्ही ऐकत नसतो हो, मास्तर! ऐकायला लागलो तर धंदा कसा व्हायचा? आम्ही टाळीच्या जागेपर्यंतच्या ओळी मोजत असतो. काल मोजता मोजता कधी ऐकायला लागलो ते कळलंच नाही. भान आलं तेव्हा पुढची चाल सुरू झाली होती. मागे वळून पोरांना शिव्या घालाव्यात म्हटलं, तर तीही तशीच. तोंडं उघडी. आणि लेओकादी! तिची रडायची जागा तीच होती. ती रडायची थांबली होती. म्हणाली, मला माझा नवरा आठवला. तिचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली. आजवर कधी आठवला नव्हता.”

खाली रस्त्यावर दूधवाली बादल्या आपटत होती.

“आणि शेवटी?” झेलीने विचारलं. “पडदा पडल्यावर?”

“शेवटी पुष्कळ वाजल्या. नऊ वेळा पडदा वर गेला. पण त्यांत आमच्या किती आणि लोकांच्या किती, ते मी सांगू शकत नाही. सगळं एकात एक मिसळलेलं. मास्तरांच्या नावाने ओरडत होते, मास्तर नव्हते. मालक चिडलेत.”

आन्सेल्म यांनी शेवटचं काही ऐकलंच नव्हतं.

“कुठे?” ते उठले. “नक्की कुठल्या जागी मोजणं विसरलात?”

“ते मला कसं सांगता येईल? मला सूर कळत नाहीत.”

“म्हणून दाखवा!”

पूशेंनी घसा खाकरला आणि काहीतरी म्हटलं. छत्री न उघडता तुटावी तसा आवाज निघाला.

“तिथे नाही उतरत तो सूर!” आन्सेल्म पियानोकडे धावले. “हा असा. पुढच्या गाठीला. इथे?”

“नाही, त्याच्या आधी.”

“आधी? पण ती जागा तर मी तीनदा खोडली होती!” ते झेलीकडे वळले. ओरडायचं होतं, पण ते हसू लागले आणि मग डोळे पुसू लागले. “तीनदा खोडली होती गं.”

“पुन्हा असं होणार नाही, मास्तर,” पूशे पाठ ताठ करून म्हणाले. “उद्याच्या प्रयोगाला टोपी वेळेवर निघेल. माझा शब्द.”

“नको! उद्याही काढू नका. कालच्यासारखं बसा.”

“ते आता जमायचं नाही,” पूशे प्रामाणिकपणे म्हणाले. “आता आम्हाला ठाऊक झालंय. ठाऊक असलेल्या ठिकाणी माणूस कसा विसरेल? गप्प बसवेन पोरांना, पण ते गप्प बसणं माझं असेल.”

आन्सेल्म यांनी पियानोवरचा तो सूर पुन्हा एकदा दाबला. मग झाकण न लावता कोरे कागद शोधायला लागले.

“मग पाचव्या ऑपेराला बघू,” ते म्हणाले.

पूशेंनी मनातल्या मनात हिशेब केला. “किती वर्षं घ्याल, मास्तर? मी एकसष्टाचा आहे.”

“घाई करतो,” आन्सेल्म म्हणाले.