टेकडी, घसरगुंडी आणि बोका

वर्तमानपत्राच्या ग्रंथालयात माझी भाची सहा महिने उमेदवारीवर होती. जुन्या लेखांसाठी तिनं शोधयंत्र बांधलं होतं. अकरा वाजता संपादक ते तपासणार आणि तिला एकतर कायम करणार, नाहीतर घरी पाठवणार. साडेदहाला तिनं मला यंत्रासमोर बसवलं, कारण त्यातले निम्मे लेख माझे होते आणि निवृत्त माणसाला नाही म्हणायला कारण नसतं.

"मामा, शोधलेल्या शब्दाशी किती जुळतो, त्याचे यंत्र प्रत्येक लेखाला गुण देतं. कामाच्या लेखांचे गुण आलेखावर मांडले की टेकडी दिसते. बिनकामाच्यांची घसरगुंडी: शून्याजवळ ही गर्दी, मग उतरत जाणारी लांब शेपटी. लेखाला जितके गुण, तिथे टेकडी वर की घसरगुंडी, एवढंच बघायचं. टेकडी वर असेल तर लेख दाखवायचा."

"आमच्या वेळी हे काम ग्रंथपालांची भुवई करायची," म्हणत मी 'बोका' टाइप केलं.

चौदा लेख आले. बोक्याची लस, बोक्यांचं प्रदर्शन, छपरावर अडकलेला बोका. माझा 'आमच्या कचेरीतला बोका' मात्र गायब!

"अगं, माझा सगळ्यात गाजलेला लेख! ओळीओळीत बोका आहे त्यात."

तिनं शोधलं आणि कपाळावर हात मारला. "सत्त्याण्णव गुण! सगळ्यांत जास्त! आणि यंत्र म्हणतं, बिनकामाचा."

"पहिला आला म्हणून नापास?"

"टेकडी नव्वदलाच संपते हो. शेपटी मात्र पुढे सरपटतच राहते, म्हणून तिथे पुन्हा घसरगुंडी वर! थांबा, दहा मिनिटं. गुण वाढताना कामाचा असण्याची शक्यता एकदा चढली की पुढे उतरू द्यायची नाही, एवढंच त्याला सांगते."

ती कळफलक बडवू लागली आणि मला घाम फुटला. त्या लेखातला बोका म्हणजे आत्ताचे संपादक. तेव्हा उपसंपादक होते, खुर्चीत डुलक्या घ्यायचे आणि दुसऱ्यांच्या खणातली बिस्किटं खायचे.

"राहू दे ना गं तसंच."

"चूक आहे मामा, राहू कशी देऊ?"

संपादक आले. 'बोका' पडद्यावर होताच. त्यांनी फक्त बटण दाबलं. पहिलाच लेख माझा. ते वाचत गेले, त्यांचे कान लाल होत गेले, मी छतावरचा पंखा न्याहाळत राहिलो.

"या लेखाचा बोक्याशी काडीचाही संबंध नाही," ते शेवटी म्हणाले. "बिनकामाचा."

भाचीनं चक्क टाळी वाजवली. "सर, आधीचं गणितही हेच म्हणत होतं!"

"मग तेच ठेवा."

"नाही ठेवणार. ते चुकून बरोबर आलं. एका लेखावरून गणित ठरत नाही. दुसरा शब्द टाका."

मी डोळे मिटले. गेली पोरीची नोकरी!

संपादकांनी 'खुर्ची' टाकलं. पहिला माझाच लेख. 'डुलकी' टाकलं. पुन्हा तोच. 'बिस्किट' टाकल्यावर त्यांचं पोट हलू लागलं, मग खांदे, मग अख्खा माणूस टेबलावर पालथा पडून हसू लागला. भाची हसली. मीही हसलो, पण बेतानं.

"उद्यापासून तू कायम," डोळे पुसत ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ती बिस्किटं तुमची होती?"

"माझीच."

संध्याकाळी त्यांच्याकडून बिस्किटांचा पुडा घरी आला. अर्धा खाल्लेला होता.