रिकामा परत आलेला डबा

मी एक जुना पितळी डबा आहे, चार पुडांचा आणि कडीचा. मुंजाजी कॉलेजसाठी परभणीत राहायला गेला तेव्हा त्याच्या आईने, कमलबाईंनी, मला पाथरीच्या बाजारातून आणलं. आतून कल्हई करून घेतली आणि झाकणावर लेकाचं नाव कोरून घेतलं. त्या नावाचा मला अजून तोरा आहे.

रोज सकाळी वालूरहून मी एसटीने निघायचो. कंडक्टर मला पायाशी ठेवी आणि परभणीच्या स्टँडवर मुंजाजीच्या हाती देई. मित्रांनो, एका पोराला चार पूड कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण खाणारी तोंडं तीन होती! खोलीतला सोबती सिताराम धपाट्यांवर तुटून पडायचा. वर्गातली सुमन ठेचा खाऊन डोळे पुसायची, आणि मुंजाजी जेवायचं सोडून तिच्याकडेच बघत बसायचा. मला घासायचं काम सुमनने आपणहून घेतलं होतं. रिकामं भांडं माघारी देऊ नये, म्हणून ती तळाच्या पुडात चिमूटभर साखर टाकायची.

"मुंजाजी, ही साखर कुण्या पोरीची हाय रे?" सुट्टीत कमलबाईंनी विचारलं. लेक लाजून गोठ्याकडे पळाला.

मग अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव आगी लागल्या. सितारामच्या दलित वस्तीतली घरं जाळली गेली. आईबापाला नातलगांकडे पोचवून तो उपाशीपोटी खोलीवर आला. त्याची चौकशी करायला सुमनही आली होती. मी आत भरलेला होतो. मुंजाजी मात्र उंबऱ्यातच आडवा उभा राहिला.

"सिताराम, चार दिवस दुसरीकडं बघ गड्या. आमच्या गावची माणसं रूमवर येऊ लागलीत. मला लय भ्या वाटायलंय."

सिताराम वळला. सुमनने मला उचललं आणि त्याच्या मागे धावली. स्टँडच्या बाकड्यावर तो जेवला.

दुसऱ्या दिवशी तिने मला मुंजाजीपुढे ठेवलं. "तू भ्यालास, ते समजलं मला. पण जेवलास का, एवढं तरी विचारायचं होतंस त्याला. आता आपलं काही राहिलं न्हाई."

ती गेल्यावर त्याने माझे पूड उघडून बघितले. तळाला साखर नव्हती.

पुढे तो गावी परतला, शेती बघू लागला, नर्मदाबाईंशी त्याचं लग्न झालं. मी फडताळावर गेलो. कधी माझ्यात बियाणं असे, कधी खिळे. कल्हई उडाली, कडी वाकली. कुणी मोडीत घाला म्हटलं की मुंजाजी अंगावर येई, पण मला हातही लावत नसे. फार एकटं वाटायचं मला.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नवं नाव मिळालं. रेडिओवर ते ऐकून मुंजाजीने मला खाली काढलं, कल्हई करून आणलं आणि नर्मदाबाईंना धपाटे करायला सांगितले.

"कुणासाठी हो?"

"मित्रासाठी. लय उशीर झालाय."

सिताराम पाथरीला शिक्षक आहे, हे तो ऐकून होता. सेलूच्या स्टँडवर गाडी बदलताना सुमन भेटली, लेकीला घेऊन निघालेली. तिने त्याच्याआधी मला ओळखलं.

"सितारामकडं?"

"हो. तू येतीस का? तू असलीस तर धीर येईल."

सुमन हसली. तिचे डोळे मात्र भरून आले होते. "न्हाई मुंजाजी. हे तुझं तुलाच करावं लागंल."

पाथरीला सितारामने दार उघडलं. मुंजाजीने मला पुढे केलं. "जेवलास का?" एवढंच तो कसंबसं बोलला. सिताराम बराच वेळ झाकणावरचं नाव बघत राहिला. मग त्याने मला आत घेतलं. मुंजाजीला मात्र आत ये म्हणाला नाही.

काही दिवसांनी सितारामने मला एसटीने परत धाडलं आणि कंडक्टरने वालूरच्या स्टँडवर मुंजाजीच्या हाती दिलं. मुंजाजीने तिथेच कडी काढली. वरचा पूड रिकामा, दुसरा रिकामा, तिसराही. तळाला चिमूटभर साखर होती. ती जिभेवर ठेवून तो भर स्टँडात लहान लेकरासारखा रडला.

मित्रांनो, माझ्यासारख्या भांड्याला वरचेवर कल्हई करा, मोडीत घालू नका. आणि दारात कुणी उभं राहिलं तर आधी जेवलास का, ते विचारा. मुंजाजीला ते विचारायला सोळा वर्षं लागली.